उतारशाळेचे देणे : आजाऱ्याची वाहतूक, उपचारांचे बिल आणि ख्रिस्तसभेचा इतिहास

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील शोमरोन्याच्या दृष्टान्तावर प्रवचन केले नाही असा धर्मगुरू, किंवा तो मुलांना शिकवला नाही असा धर्मशिक्षक आपल्यांत विरळाच. आपला भर बहुधा याजक व लेवी बगल देऊन निघून गेले ह्यावर आणि शोमरोन्याला आलेल्या कळवळ्यावर असतो, व ते योग्यच आहे. तथापि दृष्टान्ताच्या अखेरीस जो रोकडा व्यवहार सांगितला आहे त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ह्या लेखात त्या व्यवहाराचा धागा धरून, आजाऱ्याला वाहून नेण्याचा आणि बरे करण्याचा खर्च निरनिराळ्या काळी कोणी उचलला, ह्याचा इतिहास थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे. विषय निव्वळ पुरातन काळाचा नाही. मध्यरात्री धर्मगुरूच्या दारावर थाप पडते तेव्हा आजाऱ्याचे नातलग तैलाभ्यंगासाठी येतात, तसे गाडीच्या भाड्यासाठीही येतात, हा आपल्या धर्मग्रामांतील परिचित अनुभव आहे.

१. दृष्टान्तातील हिशेब

शोमरोन्याने केलेल्या गोष्टी क्रमाने पाहाव्यात. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या. जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले. उतारशाळेत आणून त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन दिनार उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती दिले. आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना तो फेडण्याचे वचन दिले. प्रथमोपचार, वाहन, निवास, शुश्रूषा, आगाऊ रक्कम आणि उरलेल्या खर्चाची हमी, अशी ही सहा अंगे एकाच कृतीची आहेत. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तावरून दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज होता हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे दोन दिवसांची मजुरी रोख दिली गेली, आणि पुढचे देणे किती होईल हे माहीत नसतानाही ते अंगावर घेतले गेले.

ह्या हमीचे महत्त्व विसरता कामा नये. तो प्रवासी लुटला गेला होता. त्याच्या अंगावर वस्त्रही राहिले नव्हते. देणे न फिटल्यास देणेकऱ्याची काय गत होई, हे मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराच्या दृष्टान्तात स्वतः प्रभूनेच सांगितले आहे : विक्री किंवा तुरुंग. हमी मिळाली नसती तर दरोडेखोरांच्या हातून सुटलेला तो माणूस बरा होऊन कर्जाच्या हाती सापडला असता. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दृष्टान्तात उतारशाळेच्या रक्षकाला दोष दिलेला नाही. त्याने पैसे घेतले, कारण अन्न, अंथरूण व श्रम ह्यांना मोल पडतेच. प्रश्न होता तो एवढाच, की ते मोल कोणी द्यावे आणि कोणत्या घडीला मागावे.

ओरिजेन, संत अम्ब्रोज व संत ऑगस्टीन ह्या धर्माचार्यांनी ह्या दृष्टान्ताचा रूपकात्मक अर्थ लावला. शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे ख्रिस्तसभा. दोन दिनारांचा अर्थ कोणी दोन करार असा केला, तर कोणी देवप्रीती व शेजारप्रीती ह्या दोन आज्ञा असा. हा अर्थ आपण स्वीकारत असू तर त्याचा एक परिणामही स्वीकारावा लागतो : उतारशाळा आपल्या हाती आहे, आणि तिचे देणे धन्याने आधीच अंगावर घेतलेले आहे.

२. आरंभीचे शतकमान

छळाचा काळ संपल्यावर चौथ्या शतकात ख्रिस्तसभेने रुग्णसेवेच्या कायम संस्था उभारल्या. त्यांतील अग्रगण्य म्हणजे कप्पदुकियातील कैसरिया नगराबाहेर थोर संत बेसिल ह्यांनी उभारलेली वसाहत. नाझियान्झचे संत ग्रेगरी ह्यांनी बेसिल ह्यांच्या स्मरणार्थ केलेल्या भाषणात तिला नवे नगर म्हटले आहे. ह्या कार्यावर आक्षेप घेतले गेले तेव्हा बेसिल ह्यांनी प्रांताधिपती एलियास ह्यांना पत्र लिहिले. त्यांच्या पत्रसंग्रहातील चौऱ्याण्णवावे ते हेच. त्यात संस्थेला काय काय लागते हे सांगताना त्यांनी वैद्य व शुश्रूषक ह्यांच्या जोडीला ओझ्याची जनावरे आणि वाटेत सोबत करणारी माणसे ह्यांचाही उल्लेख केला आहे. आमच्या मते ही नोंद फार मोलाची आहे. वैद्य आणि वाहन हे एकाच घराचे दोन घटक होते, आणि दोहोंचा खर्च आजाऱ्याच्या थैलीतून न घेता दानातून चालत असे.

रोममध्ये फाबिओला नावाच्या श्रीमंत स्त्रीने आपली मालमत्ता विकून रुग्णालय स्थापन केले. तिच्या निधनानंतर इ. स. ३९९ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात संत जेरोम सांगतात, की किळसवाण्या रोगांनी ग्रासलेल्या माणसांना ती स्वतःच्या खांद्यांवरून वाहून आणीत असे.

अलेक्झांड्रियामध्ये ह्या वाहकांचा एक संघच होता. त्यांना पाराबलानी म्हणत. इतिहास निर्मळ डोळ्यांनी वाचायचा तर त्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नगरातील दंगलींत व सभेच्या भांडणांत त्यांचा उपयोग दंडेलीसाठी होऊ लागला. इ. स. ४१६ च्या राजाज्ञेने त्यांची संख्या ५०० वर मर्यादित केली. दोन वर्षांनी ती ६०० करून त्यांना पुन्हा महागुरूंच्या अधिकाराखाली देण्यात आले. सेवेची संघटना सत्तेच्या हातचे हत्यार बनू शकते, हा धडा त्या काळापासूनच आपल्यापुढे आहे.

३. भ्रातृमंडळे : फ्लॉरेन्स ते गोवा

मध्ययुगात ही जबाबदारी प्रापंचिक भाविकांच्या भ्रातृमंडळांनी घेतली. फ्लॉरेन्सच्या मिझेरिकॉर्डियाची स्थापना परंपरेने इ. स. १२४४ ची मानली जाते. तिचे सभासद आजाऱ्यांना टोपल्यांतून व डोल्यांतून खांद्यावर वाहून रुग्णालयात नेत आणि बेवारशी मृतांना मूठमाती देत. चेहरा झाकणारा झगा घालण्याची त्यांची रीत होती. त्यामुळे खांदा देणारा सरदार की शिंपी हे उचलल्या जाणाऱ्याला कळत नसे, आणि उपकाराचे ओझे त्याच्यावर पडत नसे. ही संस्था आजही त्या शहरात रुग्णवाहिका चालवते.

ह्याच परंपरेतून राणी लिओनोर हिच्या पुढाकाराने १४९८ मध्ये लिस्बनची मिझेरिकॉर्डिया स्थापन झाली, आणि सोळाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत ती गोव्यात पोहोचली. देहाची सात व आत्म्याची सात अशी दयेची चौदा कृत्ये हाच तिच्या नियमावलीचा पाया होता. गोव्यात अल्बुकर्कने १५१० च्या विजयानंतर राजाचे रुग्णालयही सुरू केले होते. पुढे ते येशूसंघीयांच्या व्यवस्थेखाली आले. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६०८ मध्ये तेथे रुग्ण म्हणून राहिला, आणि तेथील स्वच्छतेची, अन्नाची व चांदीच्या भांड्यांची त्याने तोंडभरून स्तुती केली. परंतु ही सुबत्ता पोर्तुगीज शिपायांसाठी होती. एतद्देशीय गरिबांची व्यवस्था निराळी होती. रुग्णाकडून काही न घेणारी उतारशाळासुद्धा आत कोणाला घ्यावे हे रंगावरून व जातीवरून ठरवू शकते, ही गोष्ट गोव्याच्या इतिहासाने आपल्याला शिकवली आहे, आणि गोव्याच्या वारशात वाढलेल्या आपल्या मंडळ्यांनी ती विसरू नये.

४. रुग्णवाहिका आणि रुग्णालय ह्यांची फारकत

आधुनिक रुग्णवाहिका रणांगणावर जन्मली. फ्रेंच शल्यवैद्य दोमिनिक लारे ह्यांनी १७९२ नंतर जलद धावणाऱ्या हलक्या घोडागाड्या जखमींपर्यंत नेण्याची पद्धत बसवली, आणि हुद्द्यापेक्षा जखमेच्या गांभीर्यावर उपचारांचा क्रम ठरवला. २४ जून १८५९ च्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर आंरी द्यूनां ह्यांनी कास्तिल्योनेच्या चर्चमध्ये शेकडो जखमींची सेवा गावातील स्त्रियांच्या साहाय्याने केली. त्यातून १८६३ मध्ये रेड क्रॉसची वाट निघाली. न्यूयॉर्कच्या बेल्व्ह्यू रुग्णालयाने १८६९ मध्ये शहरासाठी घोड्यांच्या रुग्णवाहिका सुरू केल्या. येथपर्यंत वाहन रुग्णालयाचेच होते.

पुढे अमेरिकेत जे घडले ते विस्ताराने पाहण्याजोगे आहे, कारण उपचारांचे बिल हा प्रश्न तेथे सर्वांत तीव्र झाला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील पुष्कळ गावांत रुग्णवाहिकेचे काम अंत्यविधीची व्यवस्था करणारे व्यावसायिक करीत. कारण साधे होते : माणसाला आडवे निजवता येईल अशी मोटार त्यांच्याचकडे असे. १९६६ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंविषयी प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले होते, की देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा अशा सुमारे १२,००० व्यावसायिकांकडून चालते. जखमीला नेणाऱ्याजवळ वाहन होते. उपचारांचे शिक्षण मात्र बहुधा नव्हते.

ह्या स्थितीला पिट्सबर्ग शहरातील कृष्णवर्णीय वस्तीने उत्तर दिले. १९६७ मध्ये तेथे फ्रीडम हाउस नावाची सेवा निघाली. ज्यांना कोणी काम देत नव्हते अशा कृष्णवर्णीय तरुणांना डॉ. पीटर साफार ह्यांनी तयार केलेले सखोल शिक्षण देण्यात आले, आणि ते चालत्या गाडीत श्वसन व हृदयक्रिया सांभाळू लागले. पुढे देशभर मान्य झालेल्या पद्धतीचा पाया तेथे घातला गेला. १९७५ मध्ये नगरपालिकेने स्वतःची सेवा सुरू करून ही सेवा बंद केली, आणि ह्या अनुभवी सेवकांपैकी बरेच जण नव्या व्यवस्थेत टिकू शकले नाहीत. तुच्छ मानलेल्या शोमरोन्याने जखमीला उचलावे आणि नंतर त्याचे नावही राहू नये, असाच हा प्रकार झाला.

१९७३ च्या कायद्याने केंद्र सरकारने आपत्कालीन सेवांच्या उभारणीस अनुदान दिले. १९८१ मध्ये हे अनुदान इतर निधींत मिसळून राज्यांवर सोपवण्यात आले. खर्चाचा भार अशा रीतीने गावे, अग्निशमन दले व खासगी कंपन्या ह्यांच्यावर आला, आणि त्यांनी तो बिलांच्या रूपाने रुग्णांवर टाकला. येथे एक अंतर्गत अडचण आहे. रुग्णवाहिकेचा मुख्य खर्च धावण्याचा नसून सज्ज राहण्याचा असतो. रात्रंदिवस गाडी, चालक व प्रशिक्षित सेवक तयार ठेवावे लागतात, मग बोलावणे येवो वा न येवो. हा सज्जतेचा खर्च सर्व नागरिकांचा आहे. पण बिल मात्र ज्याला उचलले त्यालाच जाते. त्यातही वृद्धांसाठी १९६५ च्या कायद्याने स्थापन झालेली मेडिकेअर योजना ठरावीक दरच देते, आणि तोही रुग्णाला नेले तरच. उरलेली तूट इतरांच्या बिलांत चढते.

हवाई रुग्णवाहिकांच्या बाबतीत हे टोकाला गेले. १९७८ च्या विमानवाहतूकविषयक कायद्यामुळे राज्यांना त्यांच्या दरांवर बंधन घालता येईना. तेथील केंद्रीय लेखातपासणी कार्यालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार २०१७ साली हेलिकॉप्टरच्या एका फेरीचे मध्यम बिल सुमारे ३६,४०० डॉलर होते, आणि तपासलेल्या फेऱ्यांपैकी सुमारे ६९ टक्के विमा कंपनीशी करार नसलेल्या सेवांच्या होत्या. बेशुद्ध माणूस हेलिकॉप्टर निवडत नाही आणि भावही विचारत नाही. बाजाराचा जो नियम भाजी-धान्याला लागू पडतो, तो रस्त्यावर पडलेल्या माणसाला लागूच पडत नाही. डिसेंबर २०२० मध्ये संमत झालेल्या व १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने हवाई सेवांच्या अनपेक्षित बिलांना आळा घातला. जमिनीवरच्या रुग्णवाहिका मात्र त्यातून वगळल्या गेल्या. १९८६ च्या कायद्याने आपत्कालीन रुग्णाला नाकारण्यास बंदी केली होती, परंतु खर्च कोणी द्यावा हे त्यात सांगितले नव्हते. दार उघडले गेले. दिनारांचा प्रश्न तसाच राहिला.

ह्या इतिहासात ख्रिस्ती संस्थांचा भाग दुहेरी आहे. १९२९ मध्ये टेक्सासमधील डॅलस येथील बॅप्टिस्ट पंथीयांच्या बेलर रुग्णालयात जस्टिन किंबॉल ह्यांनी शिक्षकांकडून दरमहा ५० सेंट घेऊन वर्षात २१ दिवसांच्या रुग्णालयीन सेवेची हमी दिली. शिक्षकांची थकलेली बिले पाहून ही कल्पना त्यांना सुचली होती, आणि तिच्यातूनच ब्लू क्रॉस विमा वाढला. अलीकडे तेथील अनेक मंडळ्यांनी वर्गण्या गोळा करून, २०१४ मध्ये स्थापन झालेल्या एका धर्मादाय संस्थेमार्फत गरिबांची जुनी रुग्णालयीन कर्जे अत्यल्प किमतीत विकत घेऊन माफ केली आहेत. योबेल वर्षाची आठवण करून देणारे हे काम स्तुत्य आहे. परंतु ते कर्ज झाल्यानंतरचे काम आहे. शोमरोन्याने हमी दिली ती कर्ज होण्यापूर्वी.

ह्या दिशेने पुढे गेलेले उदाहरण कॅनडाचे आहे. टॉमी डग्लस हे बॅप्टिस्ट पाळक. लहानपणी त्यांचा पाय कापण्याची वेळ आली असता एका शल्यवैद्याने विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या निमित्ताने फुकट शस्त्रक्रिया करून तो वाचवला. मुलाचा पाय वाचणे अशा योगायोगावर अवलंबून असू नये, हे त्यांच्या मनाने घेतले. सस्कॅचेवान प्रांताचे मुख्यमंत्री असताना त्यांनी १९४७ मध्ये सर्वांसाठी रुग्णालय विमा आणला, आणि त्यांनीच आखलेली वैद्यकीय विमा योजना १९६२ मध्ये अमलात आली. तरीही त्या देशाच्या राष्ट्रीय योजनेत रुग्णवाहिकेचा समावेश झाला नाही, आणि अनेक प्रांतांत रुग्णाला तिचे शुल्क भरावे लागते. उतारशाळा सर्वांची झाली. जनावराचे भाडे उरले.

५. आपल्या देशातील वाटचाल

आपल्याकडे खेड्यांतील आजारी शतकानुशतके झोळीतून, खाटेवरून व बैलगाडीतून नेले गेले, आणि खांदा शेजाऱ्यांचा असे. शहरांत हा शेजार तुटला. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. वाटसरूने त्याला जवळच्या रुग्णालयात नेले. पोलीस प्रकरण म्हणून तेथे नाकारून त्याला सुमारे वीस किलोमीटर दूर पाठवण्यात आले, आणि तो वाटेतच मरण पावला. ह्या वृत्तावरून झालेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९८९ रोजी निर्णय दिला, की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने प्राण वाचवण्याचे कर्तव्य आधी केले पाहिजे.

१९९२ मध्ये पश्चिम बंगालमधील एक शेतमजूर आगगाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागलेल्या त्या माणसाला कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांतून खाट नाही म्हणून परत पाठवण्यात आले. शेवटी खासगी रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले व सुमारे १७,००० रुपये खर्च आला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्यात जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग झाल्याचे सांगून २५,००० रुपयांची भरपाई देवविली, आणि रुग्णवाहिकांची पुरेशी व्यवस्था करण्यासही राज्याला बजावले.

पुढची महत्त्वाची घटना हैदराबादची. १५ ऑगस्ट २००५ रोजी तेथे १०८ ह्या क्रमांकाची सेवा सुरू झाली. सत्यम उद्योगाच्या संस्थापकांनी ती काढली होती. जानेवारी २००९ मध्ये त्या उद्योगातील गैरव्यवहार उघड झाला, तरी सेवा थांबली नाही, कारण तोवर तिचा बहुतेक खर्च राज्य सरकारे देत होती. व्यवस्था दुसऱ्या समूहाने घेतली. गुजरातेत २००७, गोव्यात व कर्नाटकात २००८, मध्य प्रदेशात २००९ आणि महाराष्ट्रात २०१४ मध्ये ही सेवा आली. बडोदे, बेळगाव, इंदूर व ग्वाल्हेर येथील आपल्या वाचकांना ती परिचित आहे. रुग्णाकडून ती पैसे घेत नाही. एका दात्याच्या कीर्तीपेक्षा सर्वांच्या करांवर उभी असलेली दया अधिक टिकाऊ ठरते, हे येथे दिसून आले.

तरीही खासगी रुग्णवाहिकांचा प्रश्न उरलाच. २०२० च्या महामारीत थोड्या अंतरासाठी हजारो रुपये उकळले गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी सप्टेंबरमध्ये राज्यांना वाजवी दर ठरवून देण्यास सांगितले. दुसरीकडे, अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या वाटसरूला पोलिसांच्या ससेमिऱ्यातून वाचवणारे कलम २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात आले. त्या कलमात अशा माणसाला दिलेले नाव आपल्याच दृष्टान्तातले आहे : चांगला शोमरोनी. २०२५ मध्ये रस्ते-अपघातातील जखमींसाठी सात दिवसांपर्यंत व दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचारांची योजनाही अधिसूचित झाली. राष्ट्राच्या कायद्याने शोमरोन्याचे नाव घेतले, आणि त्याच्या दिनारांचाही विचार सुरू केला.

६. आपल्यापुढील कर्तव्य

ह्या इतिहासातून आम्हाला तीन गोष्टी दिसतात. पहिली, वाहून नेणे आणि बरे करणे ही दयेची एकच कृती आहे. त्यांची फारकत झाली की आजारी मधल्या फटीत सापडतो. दुसरी, खर्च असतोच. परंतु त्याची तजवीज संकटापूर्वी आणि अनेकांनी मिळून केलेली असावी. तिसरी, विनामूल्य सेवाही माणसे निवडू लागली की दूषित होते.

धर्मग्रामात ह्यावरून काय करावे? याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने वडिलांना बोलावणे पाठवावे आणि त्यांनी येऊन त्याला तेल लावावे असे सांगितले आहे. शोमरोन्याच्या हातातही तेलच होते. तैलाभ्यंगासाठी रुग्णवाहिका खोळंबून ठेवू नये. धर्मगुरूने गाडीत बसून सोबत जावे, किंवा रुग्णालयात जाऊन संस्कार द्यावा. धर्मशिक्षकांनी १०८ क्रमांक, जवळच्या सरकारी रुग्णालयाची वाट, आणि आपत्कालीन रुग्णाला आगाऊ रकमेसाठी नाकारता येत नाही हा नियम, ह्या गोष्टी प्रश्नोत्तरीइतक्याच निश्चितपणे लोकांना शिकवाव्यात. जेथे संत व्हिन्सेंट द पॉल संस्थेचे मंडळ आहे तेथे त्याने, आणि जेथे नाही तेथे धर्मग्राम समितीने, वाहतुकीसाठी लहानसा कायम निधी ठेवावा. तो ख्रिस्ती व अख्रिस्ती असा भेद न करता वापरावा, आणि फ्लॉरेन्सच्या झग्याप्रमाणे देणाऱ्याचे नाव झाकलेले असावे.

सर्वांत अवघड प्रश्न आपल्या स्वतःच्या रुग्णालयांचा आहे. धर्मभगिनी मेरी ग्लोरी ह्या डॉक्टरने १९४३ मध्ये भारतातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभी केली, तेव्हापासून आपल्या संस्थांनी दुर्गम भागांत केलेले काम सर्वमान्य आहे. आज यंत्रे, औषधे व पगार ह्यांचा बोजा त्यांच्यावरही आहे, आणि उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार लागतात हे आम्ही वर म्हटलेच आहे. परंतु १९८३ च्या धर्मविधी संहितेचे ८४८ वे कलम सांगते, की गरिबीमुळे कोणीही संस्कारांपासून वंचित राहू नये. दारिद्र्यामुळे तेल नाकारता येत नाही, असे जर आपण वेदीपाशी मानतो, तर त्याच ख्रिस्ताच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाच्या दाराशी निराळा नियम कसा चालेल? दरपत्रक दर्शनी भागात लावणे, आपत्कालीन रुग्णाकडे आधी उपचार व मागाहून पैसे ह्या क्रमाने पाहणे, थकबाकीसाठी बरा झालेला रुग्ण किंवा मृतदेह कदापि अडकवून न ठेवणे, आणि तूट भरून काढण्यासाठी धर्मप्रांताने वार्षिक वाटा उचलणे, एवढे तरी ठरवले पाहिजे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये मांडलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत ह्यांतील बऱ्याच गोष्टी आलेल्या आहेत. दृष्टान्त आपल्याजवळ असताना सनदेची वाट पाहावी लागू नये.

बेसिल ह्यांच्या पत्रातील ती ओझ्याची जनावरे आणि सोबत चालणारी माणसे आम्हाला वारंवार आठवतात. त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. त्यांच्या खर्चाचा हिशेब मात्र एका महागुरूने राज्याधिकाऱ्यापुढे निःसंकोचपणे मांडला, कारण तो खर्च ख्रिस्तसभेचा आहे असे ते मानीत होते. येत्या वर्षाचा धर्मग्रामाचा अर्थसंकल्प करताना आपणही त्या एका ओळीसाठी जागा ठेवावी, अशी आमची आपल्या धर्मगुरू बंधूंना व धर्मशिक्षकांना विनंती आहे.